हळदीवर ब्लीच

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, बाजाररस्त्यावरच्या आमच्या घराला दोन पाट्या होत्या. डाव्या दारावर 'लग्नकार्याचा स्वयंपाक करून मिळेल', ही माझ्या यजमानांची. उजव्या दारावर 'नवरीचा मेकअप, मेंदी, साडी नेसवणे', ही माझी. मधली भिंत छातीपर्यंतच, वर नुसता पडदा. त्यामुळे एप्रिल-मे आला की अख्खं लग्न आमच्या घरात दोन दारांनी शिरायचं. आई मुलीला घेऊन उजवीकडे, बाप यादी घेऊन डावीकडे. इकडे आई म्हणायची, "वेणी नको, खोपाच घाला." तिकडून बापाचा आवाज यायचा, "जिलबी नको जी, बुंदी करा. जिलबी असली का वऱ्हाडी उठतच नाई." पाव तासानं नवराबायको रस्त्यावर भेटायचे, एकमेकांनी काय काय कबूल केलं ते ऐकायचे आणि तिथंच भांडायचे. आम्ही दोघं आपापल्या दारात उभे राहून बघायचो.

आता दोन्ही पाट्या उतरल्या आहेत. ह्यांच्या गुडघ्यांनी चुलीपुढे बसायला साफ नकार दिलाय. माझा हात थरथरतो, आणि थरथरत्या हातानं दुसऱ्याच्या डोळ्यात काजळ घालू नये एवढी अक्कल मला अजून आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, लग्नाचा स्वयंपाक म्हणजे मोठं भांडं आणि मोठा चमचा. तसं नसतं. यजमान लग्नघरी गेले की आधी तांदूळ मागायचे. मूठभर हातावर घ्यायचे, दोन दाणे दाताखाली धरायचे आणि विचारायचे, "नवा का जुना?" आमचा मुलूख धानाचा. इथला पाहुणा भाजीत मीठ कमी पडलं तर माफ करेल, नवरदेव तास-दोन तास उशिरा आला तर करेल, पण भाताचा गिचका झाला तर ते लग्न नातवंडांपर्यंत लक्षात ठेवेल. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी, जाळ मंद आणि वाढप्यांना ताकीद. एवढं सांभाळलं की यजमानांच्या मते बाकीचा मेनू म्हणजे शोभा.

ही शोभा पुढेपुढे फार वाढली. एका राइस मिलवाल्याच्या मुलाला स्वतःच्या लग्नात चायनीज पाहिजे होतं. यजमानांनी ते जन्मात खाल्लं नव्हतं, पण 'नाही येत' हे शब्दही त्यांना येत नव्हते. नागपूरहून नूडल्सची पाकिटं आली. ह्यांनी ती शेवया समजून आधी तुपात भाजली आणि मग मन लावून शिजवली. परातीत जे तयार झालं ते वाढप्यांनी उलथन्यानं कापून वाढलं. एक म्हातारे पाहुणे हात धुताना म्हणाले, "बाकी काई म्हना, चायनीजचा शिरा चांगला होता." यजमानांनी ही शाबासकी मला इतक्यांदा ऐकवली आहे की आता मलाच तो शिरा खाल्ल्यासारखा वाटतो.

माझ्याकडचे नमुनेही काही कमी नव्हते. आलापल्लीहून एक वनरक्षक मुलगी आली होती. तिची एकच अट, "साडी दोन बोटं वर नेसवा, मी बूट घालणार." आई रडकुंडीला आली, मावशीनं कपाळाला हात लावला. मी साडी दोन बोटं वर नेसवली. अक्षता पडायच्या आधी वादळी पाऊस आला, मांडव अर्धा उडाला, आणि सगळ्या बाया चिखलात चपला शोधत असताना नवरी तेवढी ताठ उभी होती. तिच्या आईनं नंतर मला विचारलं, "बाई, लहान पोरीच्या लग्नात बूटच ठेवायचे का?"

पण हसत हसत एक गोष्ट लपवता येणार नाही. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त काय खपलं असेल, तर गोरेपणा. त्याचं तंत्र सोपं होतं. डबीतल्या मलईत चिमूटभर पावडर कालवायची, म्हणजे झालं ब्लीच. ते दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचं. झोंबतं, नाकात उग्र वास जातो, पण चेहऱ्यावरची लव सोनेरी होते आणि कातडी उजळल्यासारखी दिसते. त्यावर मुलीच्या रंगापेक्षा दोन पायऱ्या फिका थर द्यायचा. संध्याकाळी 'पाहायला' येणारी मंडळी चहा संपेपर्यंत बसतात, तेवढा वेळ हा थर टिकला की बास. मुलीला काय पाहिजे हे विचारायची पद्धत नव्हती. आई सांगायची, मी लावायची. पुढे मी आईला बाहेरच्या बाकड्यावर बसवून मुलीला एकटीला विचारायला लागले. बऱ्याच जणी "लावा" म्हणायच्या आणि मी लावायचेही, मी काही संत नव्हे. पण विचारायला लागले ते कुंदामुळे.

कुंदाचं गाव सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला. वडील मारोतीभाऊ गावच्या तलावात आणि नदीत मासे धरायचे, धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं होती. कुंदा गावातल्याच अंगणवाडीत शिकवायची. अंगानं सडपातळ, रंगानं चांगली काळीसावळी, आणि बोलायची इतकं कमी की तिच्यासमोर माणसाला आपण फार बोलतोय असं वाटायला लागायचं. चंद्रपूरहून स्थळ आलं. मुलगा विलास, एका कचेरीत कारकून. बाप देवाघरी गेलेला, घरात आई यशोदाबाई, काका, काकू आणि बराच गोतावळा. पाहायच्या दिवशी कुंदाच्या आईनं तिला माझ्याकडे आणलं आणि म्हणाली, "बाई, हिले जरा मानसात आना."

मी आणली. अगदी हात राखून ठेवला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, यशोदाबाईंनी मुलीला जवळ बसवून घेतलं आणि आठ दिवसांत होकार आला. मला घरपोच पेढे आले. पेढे खाताना मला माझ्याच हाताचं फार कौतुक वाटलं होतं.

साखरपुड्यात यशोदाबाईंनी मला बाजूला घेतलं. बाई उंच, करारी, चेहऱ्यावर पावडरीचा जाड हात. म्हणाल्या, "पाह्याच्या दिवशी होती तशीच पोरगी मांडवात दिसली पाह्यजे. आमच्या घरचे समदे लोक येऊन राह्यले."

"काही फिकर करू नका," मी म्हटलं.

त्यांच्याकडून जेवणाची यादीही आली. मटार-पनीर, पुलाव, पुरी, बुंदी आणि दहीवडे. यादी वाचून यजमान पडद्यापलीकडून म्हणाले, "मे महिन्यात दहीवडा! यांच्या घरी उन्हाळा येत नाही वाटतं." पण यादी मुलाकडची. ती बदलायची नसते.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी कुंदा स्वतः वडिलांबरोबर आली. आधी डाव्या दारात गेली. नवरीनं आचाऱ्याकडे जाणं म्हणजे नवलच. मला पडद्याआडून ऐकू आलं.

"भाऊ, माह्या लग्नात कैरीचं सार करा ना. आमच्या दारच्या आंब्याचं."

"यादीत नाही, पोरी," यजमान म्हणाले.

"पाव्हन्याइची यादी आहे, कुंदे," मारोतीभाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्याइच्या पानात आपलं सार कसं वाढू?"

तिनं हट्ट केला नाही. तिथून उठली आणि माझ्या दारात आली. खुर्चीत न बसता उभ्यानंच म्हणाली, "बाई, मांडवात मले तसं नका करू."

"काऊन?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुईन ना. मंग?"

मी हसले. खरंच हसले, हे लिहिताना आज लाज वाटते. म्हटलं, "अगं, तोवर लग्न लागलेलं असतं. मग कोण काय करतं?" तिला त्या घरात आयुष्य काढायचं होतं, आणि मी तिला त्याच्या आदल्या दिवसापुरती सोय सांगत होते. लग्न लागेल, पण फसवून आणलेली म्हणून ती त्या घरात शिरेल, ही तिची भीती होती. मी तिचं बोलणं कानाआड केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची मेंदी कालवायला घेतली.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच गावात पोचले. यजमान आदल्या दिवसापासून तिथंच होते. हळदीच्या जेवणाला त्यांनी वांगी-झिंगे केले होते, त्याचा वास अजून अंगणात रेंगाळत होता. मांडवावर जांभळीच्या डहाळ्या होत्या. कुंदा माजघरात बसली होती, पिवळीधमक. आदल्या दिवसापासून बायांनी तिला चार वेळा हळद लावली होती, आणि आमच्याकडची हळद म्हणजे नावापुरतं बोट लावणं नव्हे, लिंपणं असतं.

एरवी मी ब्लीच हळदीच्या आधी करायचे. पण कुंदा अंगणवाडीचं काम सांगून त्यासाठी मूलला आलीच नव्हती, आता मला कळतं का ते. मुहूर्त बाराचा, हाताशी वेळ थोडा. मी बेसन लावून तिचं तोंड, मान, हात धुतले. फडक्याला पिवळं लागेना म्हणून मला वाटलं, झालं साफ. मग मलई कालवली आणि चेहऱ्यावर, मानेवर, दोन्ही हातांवर लावली. कुंदानं डोळे मिटून घेतले. तिनं मला थांबवलं नाही. एकदाच सांगून झालं होतं तिचं.

थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, लय आग होऊन राह्यली."

मी ओल्या कापसानं गालावरचं ब्लीच पुसलं. गाल लालभडक. विटेसारखा. दुसरा गालही तसाच. मान, कोपर, बोटं, सगळं लाल. हळदीत चुना पडला की कुंकू होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हळदीची साडी साबणानं धुतली की लाल होते हे मी आयुष्यभर बघत आले होते. कातडीत मुरलेल्या हळदीवर ब्लीचनं नेमकं तेच केलं होतं. वीस वर्षं धंदा करणाऱ्या बाईनं नवरीच्या तोंडाचं कुंकू करून ठेवलं होतं.

कुंदानं आरसा उचलला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "बाई, हे तर गोरं नाई."

तिच्या आईनं टाहो फोडला. तिन्ही मावश्या धावत आल्या. एकीनं नजर लागली म्हणून मिरच्या आणायला सांगितल्या. मी मागच्या अंगणात चुलीकडे धावले. यजमान वडे तळत होते. माझे लाल हात बघून त्यांनी झारा खाली ठेवला.

"कुठं कापलं?"

"कापलं नाही हो, कुंदा लाल झाली. हळदीवर ब्लीच..."

त्या माणसानं एक शब्दही वाया घालवला नाही. म्हणाले, "आंबट लाव. माझ्या पंचाची हळद साबणानं लाल झाली की मी तो ताकात बुडवतो. जा, दही ने." दहीवड्यांच्या दह्याचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यांनी स्वतः उचलून माजघराच्या दाराशी आणून ठेवलं.

मी वाटीभर घेऊन गालावर लावलं. लाल उतरायला लागलं, खालून पिवळं दिसायला लागलं. ते बघताच मावश्यांना हुरूप आला. एकीनं तांब्यानं दही काढून हातांवर ओतलं, दुसरीनं मानेवर, आणि तिसरीनं, जी मिरच्या आणायला गेली होती, तिनं मागे राहू नये म्हणून गंजच कलंडवलं. दहीवड्यांचं सगळं दही नवरीच्या अंगावरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाहून गेलं.

कुंदाचा चेहरा धुऊन पुसला तेव्हा तो तिचा स्वतःचा होता. सावळा, थोडा पिवळा, गालांवर आगीनं फुललेला. मी थर लावायची डबी उघडली, एक बोट लावलं, तर तिला झोंबलं. तिनं माझं मनगट धरलं. "राहू द्या, बाई. आता नाई." मी तेव्हाच तिची माफी मागायला हवी होती. मी मान खाली घालून साडीच्या पिना शोधत बसले.

तिकडे बाहेर यजमानांपुढे वड्यांचं टोपलं भरलेलं आणि दही शून्य. त्यांनी दारच्या आंब्याकडे बघितलं. "मारोतीभाऊ, कैऱ्या पाहिजेत. घमेलंभर. आत्ता." मारोतीभाऊ गडबडीत कोणाला सांगत बसले नाहीत. नव्या धोतराचा काचा मारला आणि स्वतःच झाडावर चढले. नेमकी तेव्हा वरात आली. वाजंत्री वाजतेय, चंद्रपूरचे काका फेटा सावरत व्याही भेटीला उभे, आणि मुलीचा बाप फांदीवर. वरूनच त्यांनी रामराम घातला. काकांना रामराम कुठून आला ते कळेना, म्हणून त्यांनी चारी दिशांना हात जोडले.

खाली चुलीवर कैऱ्या उकडल्या, गूळ, जिरं, मिरची पडली, आणि वडे कैरीच्या सारात सुटले.

आम्ही कुंदाला मांडवात नेलं. हळदीची पिवळी साडी, कपाळाला शिंदीच्या पानांचं बाशिंग, आणि तोंडावर काहीही नाही. मी तिचा दंड धरला होता.

यशोदाबाईंची जाऊ पुढेच बसली होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे कोन आनली? पाह्यलेली पोरगी कुठी आहे?"

वाजंत्री थांबली. विलास अंतरपाटाच्या पलीकडून मान लांब करून बघायला लागला तशी भटजींनी त्याला मागे ओढला. मला वाटलं, आता वरात परत फिरणार. सांगून टाकावं की ही माझी चूक, पण मी तिचा पदर सारखा करत राहिले. तेवढ्यात कुंदा बोलली. आजवर मी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"मीच आहो. त्या दिवशी पावडर होती. आज नाई. आमी तुमाले तसं दाखवाले नाई पाह्यजे होतं. आता पाहून घ्या, मंगच अक्षता टाका. नाई टाकल्या तरी जेवून जा."

मारोतीभाऊ हातात कैरीची फांदी घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

यशोदाबाई उठल्या. कुंदाजवळ आल्या. तिची हनुवटी धरून चेहरा एका बाजूला वळवला, केस मागे सारून कान बघितला. मग जावेकडे वळून म्हणाल्या, "तीच आहे. म्या पाह्यली आहे. भटजी, सुरू करा. ऊन होऊन राह्यलं."

अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा विलासनं कुंदाच्या फुललेल्या गालांकडे बघून हळूच विचारलं, "आग होऊन राह्यली का?" तिनं मान डोलावली. तो माणूस मला तिथंच आवडला.

पंगतीत पनीर उरलं, पुलाव उरला, आणि वडे पहिल्या दोन पंगतीतच साफ झाले. ज्या जावेला नवरी ओळखू आली नव्हती, तिनं सार तीनदा मागून घेतलं आणि वर विचारलं, "हे काय असते जी?" यजमान म्हणाले, "हा या गावचा दहीवडा." मी मात्र पंगतीला बसले नाही. यशोदाबाईंनी साक्ष का दिली, हे मला कळत नव्हतं.

उन्हं कलल्यावर त्या माजघरात तोंड धुवायला आल्या. मी पेटी आवरत होते. त्यांनी बादलीतलं पाणी ओंजळीनं तोंडावर मारलं, तीन-चार वेळा. पावडर धुऊन गेली. खाली कुंदासारखाच रंग होता, कदाचित थोडा जास्तच गडद.

"मला माफ करा," मी म्हटलं. "मीच तुम्हाला फसवलं."

"मले नाई फसवलं," त्या पाणी निथळत म्हणाल्या. "पाह्याच्या दिवशी तू तोंड रंगवलं, कान तसेच ठेवले. बाजूनं बसली का कानच दिसतेत. मले तवाच समजलं."

"मग तशीच दिसली पाहिजे असं का म्हणालात?"

त्या पाटावर बसल्या. "माह्या लग्नात माह्या मावशीनं मले तांदळाच्या पिठानं पांढरी केली होती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तोंड धुतलं. आठ दिवस घरात कोनी बोललं नाई माह्याशी. सासू तर वर्षभर मले नावानं नाई बोलावे. त्याच घरात सून आनाची होती. मले वाटे, पाव्हने जाईस्तोवर रोज मीच पावडर लावून देईन, निदान दहा-पाच दिवस तरी ही सुटन." पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तिनं आज जे मांडवात म्हटलं ना, ते मले म्हनता नाई आलं."

सवयीनं मी पेटीतून पावडरीची डबी काढून त्यांच्यापुढे धरली. बाहेर निरोपाची वाजंत्री सुरू झाली होती, फोटो निघायचे होते, आणि बाई अशा धुतल्या तोंडानं चारचौघांत जातील असं माझ्या धंद्याच्या डोक्यात येतच नव्हतं.

त्यांनी डबी हातानं बाजूला सारली. "राहू दे. उद्या सकाळी त्या घरात ती एकटी तशी नाई दिसली पाह्यजे."

त्या तशाच बाहेर गेल्या. कुंदा आईच्या गळ्यात पडून रडत होती. यशोदाबाईंनी तिला जीपमध्ये आपल्याशेजारी बसवून घेतलं. जाऊ बघत राहिली. जीप तलावाच्या बांधावरून वळेपर्यंत मी अंगणात उभी होते, आणि इतकी वर्षं पोरींची पाठवणी कोरड्या डोळ्यांनी बघणारी मी त्या दिवशी पदर तोंडाशी धरून रडले.